वजनाच्या वहीतलं म्हातारपण

दिवाळीच्या सुमारास चाळीसगाव तालुक्यात कापसाची वेचणी जोरात असते. सकाळी टेम्पो भरून बायका शिवारात जातात, कमरेला ओटी बांधतात आणि दिवस मावळेपर्यंत वाकून बोंडं मोकळी करत राहतात. मजुरी किलोवर, म्हणून पाठ सरळ करायला थांबलं की तेवढे पैसे बुडतात. एकाच ओळीत पाच-सहा महिन्यांची गरोदर सून असते आणि पंचावन्न वर्षांची सासूही असते. सासूचे गुडघे धरलेले, रक्तदाबाची गोळी चालू, हल्ली साखरही निघालेली. घरात सगळे म्हणतात, वय झालं. आरोग्याचे संशोधक मात्र गेली तीस-चाळीस वर्षं सांगत आहेत की या दुखण्यांचा माग काढायचा तर सासूच्या आईच्या गरोदरपणापर्यंत मागे जावं लागतं. आणि सुनेच्या पोटातल्या बाळाचं २०८५ सालचं म्हातारपण काही अंशी याच ओळीत ठरतं आहे.

हा विचार पुढे आला तो एका इंग्रज बाईच्या नीटनेटकेपणामुळे. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या सुईणींच्या मुख्य पर्यवेक्षिका होत्या. १९११ पासून त्यांच्या देखरेखीखाली जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचं वजन वहीत टिपलं जाऊ लागलं. वर्षाचं झालं की पुन्हा टिपलं जाई. पुढे साठ-सत्तर वर्षांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती या वह्या लागल्या. १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं याचा त्यांनी शोध घेतला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापला: जन्मताना आणि वर्षाचे असताना जे हलके होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त होतं. तोवर हृदयविकार म्हणजे चरबी, विडी-सिगारेट आणि मनाचा ताण एवढंच समीकरण होतं.

महाराष्ट्रात हा धागा उचलला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. मधुमेही रुग्ण तपासताना त्यांना दिसत होतं की आपल्याकडे साखर तरुण वयात निघते, आणि तीही बऱ्याचदा सडपातळ माणसाला. याज्ञिकांचं स्वतःचं आणि लंडनच्या जॉन युडकिन या डॉक्टरमित्राचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघे अगदी बरोबरीचे, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

हा फरक येतो कुठून, ते पाहायला १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू झाला. लग्न झालेल्या बायकांची गरोदर राहण्याआधीच नोंद करायची, मग दिवस गेल्यावर त्यांचा आहार आणि काम टिपायचं, आणि जन्मल्याबरोबर बाळ मोजायचं. या आया सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास होत्या आणि त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत बरीच कमी पडली, पण कातडीखालची चरबी त्यांनी बरीचशी राखून ठेवली होती. म्हणजे दिसायला काटकुळं मूल, पण त्या मानाने चरबीदार. उपाशी राहायची तयारी करून आलेलं ते शरीर पुढे टपरीवरचा गोड चहा आणि बसून काम अशा जगात वाढलं, की त्याचा हिशेब चुकतो.

हीच मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची साखर तपासली. ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर जास्त निघाली. यातली बहुतेक लठ्ठ नव्हती. अठराव्या वर्षी! आपण या वयात मुलाला पोलीस भरतीच्या मैदानावर धावायला पाठवतो.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी खानदेशाने कान देऊन ऐकाव्यात अशा आहेत. पहिली म्हणजे, आईने किती उष्मांक खाल्ले यापेक्षा ती हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाते याचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध दिसला. आता आपल्याकडचं घर पाहा. मेथी, पोकळा, अंबाडी शिवारात आहे, केळीचा तर आपला जळगाव जिल्हाच. पण घरातल्या दुधाचा मोठा वाटा सकाळीच डेअरीवर जातो आणि जेवायला सून सगळ्यांच्या मागून बसते. पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी आणि भाकरी, असं तिचं ताट. पुण्याजवळच्या त्या आयांपैकी साधारण दोनतृतीयांश जणींमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि ते येतं दुधातून किंवा मांस-अंड्यांतून. याज्ञिकांच्या गटाने पुढे २०१२ मध्ये त्याच मुलांना, ती वयात आल्यावर आणि आईबाप होण्याआधीच, ब-१२ च्या गोळ्या देऊन तिसऱ्या पिढीवर काय परिणाम होतो हे पाहायला घेतलं. वीस वर्षं एका गावाला धरून राहणारे संशोधक थोडे असतात. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो.

दुसरी गोष्ट कष्टाची. गरोदरपणात शेतातलं आणि पाणी भरण्याचं अंगमेहनतीचं काम ज्यांना जास्त पडलं, त्यांची बाळं लहान भरली. कापसाच्या ओळीतल्या सुनेला 'विश्रांती घे' असा सल्ला देणं सोपं आहे, पण तिची त्या दिवसाची मजुरी कोण देणार? इथे शरीर, घर आणि समाज वेगळे काढताच येत नाहीत. दोष कोणा एकीच्या सासूवर टाकून भागत नाही, कारण तिचंही पहिलं बाळंतपण अशाच एखाद्या बांधावरून थेट घरी येऊन झालेलं असतं.

आहार आणि कष्टांखेरीज थेट रक्तातून येणारंही काही असतंच. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलचा दोष आईबाप दोघांकडून आला तर मूल आजारी होतं. त्याचं आयुष्य किती लांबेल ते पुन्हा तपासणी कधी झाली आणि दवाखाना किती दूर आहे यावरच अवलंबून राहतं.

आता ओळीतल्या सासूकडे वळतो. उतारवयातल्या माणसांचा देशभराचा सर्वांत मोठा अभ्यास मुंबईतून, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालतो. २०१७-१८ मधल्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण त्यात होते. अमेरिकेत असा अभ्यास १९९२ पासून आहे, त्याच धर्तीवर हा आखला. यातलं मोजमाप पाहण्यासारखं असतं. कोपर काटकोनात धरून मूठ आवळायला लावतात आणि यंत्रावर ताकद किलोत दिसते. चार मीटर चालायला लावून वेळ घेतात. फुंकर मारायला लावतात, बोट टोचून रक्ताचा थेंब कागदावर टिपून घेतात. दहा शब्द वाचून दाखवतात आणि थोड्या वेळाने त्यांतले किती आठवतात ते विचारतात. त्याच बैठकीत घरात कोण राहतं, पैसा कोणाच्या हातात, शेत कोणाच्या नावावर, मुलगा फोन करतो का, हेही विचारतात. मुठीची ताकद आणि मुलाचा फोन एकाच कागदावर येतात, हे या अभ्यासाचं मोठेपण.

त्यातून दिसलेलं चित्र दुपेडी आहे: साठीवरची २७ टक्के माणसं अजून अपुऱ्या वजनाची आहेत आणि २२ टक्के जास्त वजनाची. याच अभ्यासाला जोडून स्मृतिभ्रंशाची वेगळी तपासणी झाली. साठीवरच्या ७.४ टक्के लोकांत तो आढळला. बायकांत पुरुषांपेक्षा आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांत तर अधिकच. ज्या मुलीला १९६० मध्ये धाकटं भावंड सांभाळायला घरी ठेवलं, तिचा तो न मिळालेला शाळेचा दाखला साठ वर्षांनी असा आड येतो. अर्थात निरक्षर बाईची स्मरणशक्ती मोजायची तर चाचणी तशी घडवावी लागते, आणि या संशोधकांनी ती घडवलीही. माझं एवढंच म्हणणं, की अहिराणी बोलणाऱ्या आजीला अहिराणीतच विचारावं. आखाजीची गाणी तोंडपाठ असलेली बाई प्रमाण मराठीतल्या प्रश्नावर गप्प बसली, तर ती विसरली असं लिहून मोकळं होऊ नये.

खानदेशातलं घर गेल्या दोन पिढ्यांत पांगलं आहे. पोरं सुरतेला, नाशिकला, पुण्याला. चाळीसगाव जंक्शनवरून गाड्या भरून जातात, सणाला भरून येतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना पैसे येतात, पण रात्री छातीत दुखलं तर पन्नास-साठ किलोमीटरवर धुळ्याला न्यायला कोण, हा प्रश्न राहतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत झाला, तेव्हा अनेकांनी त्याला मतांचं राजकारण म्हटलं. मला तो आरोग्याचा कार्यक्रम वाटतो. लेकीच्या गावी जाऊन चार दिवस राहून येणारी म्हातारी चालते, बोलते, नातवंडांची नावं लक्षात ठेवते.

एक रुखरुख मात्र जात नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी झाली आणि त्यांच्या शरीराला साखर नीट पेलत नसल्याचं दिसलं. हे कळलं, कारण अॅमस्टरडॅमच्या प्रसूतिगृहाने कागद जपले होते. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडी, लाल मिलो, हे सगळं इथल्या माणसांना आठवतं. त्या वर्षी जन्मलेली मुलं देवनारच्या अभ्यासाच्या पहिल्या फेरीच्या वेळी नेमकी पंचेचाळिशीत आली होती. पण खेड्यात बाळंतपण घरी, सुईणीच्या हाती. वजन करायला काटाच नव्हता.

त्यानंतर मात्र काटा आला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव अंगणवाडी उघडली. सेविकेने महिन्याच्या महिन्याला लेकरू काट्यात ठेवायचं आणि वजन वहीत लिहायचं. सुरुवातीची ती लेकरं आता पन्नाशीला आली. नोंदी मोबाइलवर गेल्यापासून या जुन्या वह्या कोणाला नको आहेत. काही वाळवी खाते, काही रद्दीत जातात. बर्नसाइडबाईंच्या वह्यांसारखंच हे धन आहे, आणि ते आपल्या सेविकांनी तुटपुंज्या मानधनावर जमवलं आहे.

धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी, जळगावच्या विद्यापीठाला सोबत घेऊन, चाळीसगाव तालुक्यापासून सुरुवात करावी. जिथे वह्या सापडतील तिथल्या त्या आधी छायाचित्रं काढून सुरक्षित ठेवाव्यात. मग त्यातली नावं शोधत घरोघर जावं, सुरतेला गेलेल्यांनाही गाठावं. संमती घेतल्याशिवाय रक्ताचा थेंब घेऊ नये, नाव कुठे छापू नये. आणि रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन जे काही मोजलं जाईल, त्याचा कागद वाचून, समजावून त्याच घरात द्यावा, वेचणीचे दिवस सोडून, बाई घरी असेल अशा वेळी.