तलावात उतरल्यावर अंगाला खाज का सुटते? समुद्रातल्या जेलीफिशचे उपाय इथे का चालत नाहीत?

रोवणीचे दिवस आले की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली माणसं तासन् तास पाण्यात असतात. कुणी बांधीत गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करतं, कुणी तलावात जाळं टाकतं, कुणी शिंगाडे काढतं. गुरं धुवायला आणि पोहायला पोरं बोडीवर जातात ती वेगळीच. अशा वेळी पाण्यातून बाहेर आल्यावर काही मिनिटांत पाय चुरचुरायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत बारीक लाल पुरळ उठतो. 'पाणी लागलं' असं म्हणून बहुतेक जण तो सोसतात.

हल्ली मात्र आधी मोबाइल उघडला जातो. 'पाण्यात पोहल्यावर खाज' असं शोधलं की समुद्रातल्या जेलीफिशच्या पिल्लांबद्दलचे व्हिडिओ समोर येतात. व्हिनेगर लावा, गोड्या पाण्याने धुऊ नका, असा सल्ला त्यात असतो. समुद्रासाठी तो बरोबर आहे. तलावासाठी मात्र त्यातला अर्धा निरुपयोगी आणि अर्धा उलटा आहे.

समुद्रात नेमकं काय होतं?

उष्ण कटिबंधातल्या समुद्रात काही जातींच्या जेलीफिशच्या अळ्या पाण्यात तरंगत असतात. त्या इतक्या लहान असतात की सहज दिसत नाहीत. डुबकी मारणाऱ्याच्या पोहण्याच्या कपड्यात त्या अडकतात. प्रत्येक अळीच्या अंगावर विषाच्या सूक्ष्म कुप्या असतात. कपडा अंगावर दाबला गेला किंवा गोडं पाणी लागलं की त्या फुटतात आणि त्वचेला दंश होतो. त्यामुळे हा पुरळ कपड्याखालच्या भागावर जास्त येतो.

म्हणूनच समुद्रातून बाहेर आल्यावर आधी पोहण्याचे कपडे काढायचे आणि मगच अंघोळ करायची असते. अंग चोळायचं नसतं. न फुटलेल्या कुप्या निकामी करण्यासाठी व्हिनेगर वापरतात. ते कपडे गरम पाण्यात धुऊन कडक वाळवायचे असतात, नाहीतर पुढच्या वेळी घातल्यावर पुन्हा दंश होऊ शकतो. तारकर्ली किंवा अंदमानला डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मग तलावात काय असतं?

गोड्या पाण्याच्या तलावात जेलीफिशच्या अळ्यांचा हा त्रास होत नाही. तिथे खाज आणणारी अळी वेगळीच असते. शिस्टोसोमा नावाचे चपटे कृमी गाई, म्हशी, शेळ्यांच्या रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांची अंडी शेणातून पाण्यात पडतात. एका जातीचे कृमी जनावराच्या नाकात राहतात, त्यांची अंडी नाकातल्या स्रावातून पाण्यात येतात.

अंडी पाण्यात फुटतात आणि त्यातून निघालेली अळी गोगलगायीच्या शरीरात शिरते. तिथे एकीच्या अनेक होतात. काही आठवड्यांनी गोगलगायीतून शेपटीवाल्या नव्या अळ्या पाण्यात बाहेर पडतात. त्यांना सर्केरिया म्हणतात. संसर्ग झालेल्या एकाच गोगलगायीतून त्या शेकड्यांनी, हजारांनी निघतात. बाहेर पडल्यावर त्या साधारण एक-दोन दिवसच जगतात. तेवढ्या वेळात त्यांना जनावराची कातडी गाठायची असते.

त्या शोधात त्या माणसाच्या कातडीतही शिरतात. पण गुरांच्या या कृमींना माणसाच्या शरीरात वाढता येत नाही. अळी कातडीतच मरते आणि शरीर तिच्याविरुद्ध जी प्रतिक्रिया देतं, ती म्हणजे हा पुरळ. पहिल्यांदा तो सौम्य असतो, कधी जाणवतही नाही. शरीराला अळीची ओळख झाली की पुढच्या प्रत्येक वेळी प्रतिक्रिया लवकर आणि जोरात येते. वर्षानुवर्षं पाण्यात काम करणाऱ्याला नवख्यापेक्षा जास्त त्रास होतो तो यामुळे.

चंद्रपूर-गडचिरोलीशी याचा काय संबंध?

पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख आहे. गोंड राजांच्या काळापासून इथे सिंचनासाठी तलाव बांधले गेले. मालगुजारी गेल्यावर ते 'माजी मालगुजारी', म्हणजेच बोलीत 'मामा तलाव' झाले. त्यांच्या जोडीला शेतातल्या बोड्या आहेत. भात, मासे, शिंगाडा, गुरांचं पाणी, धुणं आणि अंघोळ या सगळ्यांसाठी तेच पाणी वापरलं जातं. उथळ काठ, पाणवनस्पती, गोगलगायी आणि गुरं एकाच ठिकाणी असली की अळीचं चक्र पूर्ण होतं.

अशी खाज मध्य भारताला नवी नाही. मध्य प्रदेशातल्या आदिवासी गावांत तलावात उतरणाऱ्यांना होणाऱ्या 'खुजली'चा संबंध गुरांच्या या कृमींशी आहे, असं जबलपूरच्या पशुवैद्यकीय संशोधकांनी २००० साली मांडलं. आसाममध्ये भातखाचरात काम करणाऱ्यांच्या पुरळामागेही अशाच अळ्या असल्याची नोंद १९९० च्या दशकात झाली. युरोप-अमेरिकेच्या सरोवरांत हाच त्रास बहुतेक वेळा पाणपक्ष्यांच्या कृमींमुळे होतो.

ही खाज ओळखायची कशी?

जागा पाहा. जेलीफिशचा पुरळ कपड्याखाली येतो, तलावातल्या अळ्यांचा पुरळ उघड्या कातडीवर. पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर पुरळही साधारण तिथपर्यंतच असतो.

वेळ पाहा. पाण्यातून निघाल्यावर काही मिनिटांत चुरचुर, काही तासांत लाल पुटकुळ्या, कधी त्यात पाणी. साधारण आठवडाभरात पुरळ ओसरतो, खाज कधी दोन आठवडे टिकते. एकापासून दुसऱ्याला हा पुरळ होत नाही.

बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून चिरली असेल तर त्या चिखल्या. रात्री खाज वाढत असेल आणि घरातल्या इतरांनाही असेल तर खरूज असू शकते. गोल कडेचा, हळूहळू पसरणारा चट्टा गजकर्णाचा असतो. न खाजणारा, फिकट आणि बधिर चट्टा असेल तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

पाण्यातून बाहेर आल्यावर काय करायचं?

लगेच, अंगावरचं पाणी वाळायच्या आत, कोरड्या टॉवेलने किंवा पंचाने अंग खसखसून पुसावं. कातडीवरच्या अळ्या आत शिरण्याआधी निघून जातात. मग हापशाच्या किंवा नळाच्या स्वच्छ पाण्याने धुवावं. समुद्रात नेमकं हेच टाळायचं असतं, तलावात मात्र हेच पहिलं काम आहे. ओले कपडे बदलावेत.

पुरळ उठलाच तर थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन किंवा खाण्याच्या सोड्याचा पाण्यातला लेप याने आराम पडतो. खाज झोपू देत नसेल तर डॉक्टर ॲलर्जीची गोळी किंवा सौम्य स्टेरॉइड मलम देतात. कृमींच्या गोळ्या घेण्याची गरज नसते, कारण अळी आधीच मेलेली असते. व्हिनेगरचाही इथे उपयोग नाही, कारण तलावातल्या अळीत विषाच्या कुप्याच नसतात.

कोणत्या चुका महागात पडतात?

पहिली चूक खाजवण्याची. खरा धोका अळीपासून नसून नखांपासून असतो. खाजवून कातडी फुटली आणि त्याच पायांनी पुन्हा चिखलात उतरलं की जखम चिघळते. लहान मुलांची नखं कापून ठेवावीत.

दुसरी चूक मेडिकलमधून 'खाजेचं मलम' मागून आणण्याची. अशा अनेक मलमांत जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. खाज लगेच थांबते, पण तो पुरळ गजकर्णाचा असेल तर स्टेरॉइडमुळे तो पसरतो आणि नंतर बरा व्हायला महिने लागतात.

डॉक्टरकडे कधी जायचं?

पू, ताप, वाढती सूज किंवा दोन आठवड्यांनंतरही न थांबणारी खाज असेल तर. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

लघवीतून रक्त जात असेल तर तेही लगेच दाखवावं. बहुतेक वेळा त्याचं कारण दुसरंच निघतं. पण माणसाच्या शरीरात वाढणारी शिस्टोसोमाची जात महाराष्ट्रात एकदा सापडली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांचा अभ्यास करून गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ साली ते दाखवून दिलं.

त्रास टाळता येईल का?

काम पाण्यातलंच असेल तर पूर्ण टाळणं कठीण, कमी करणं शक्य आहे. जिथे गुरं बसतात आणि पाणवनस्पती दाट आहेत, तिथल्या उथळ काठावर पोरांना खेळू देऊ नये. गुरं धुण्याचा आणि माणसांच्या अंघोळीचा घाट वेगळा ठेवावा. तलावात उतरताना अंगाला घट्ट बसणारी लांब पँट आणि मोजे घातले तर अळ्यांना कातडी कमी मिळते. नुसत्या तेलाच्या भरवशावर राहू नये. गोगलगायी मारायला तलावात मोरचूद टाकणं हा उपाय नव्हे, त्याने मासेही मरतात.

मुळावरचा उपाय गोठ्यात आहे. बैल किंवा गाय घोरल्यासारखा आवाज करत श्वास घेत असेल, नाकातून घट्ट, कधी रक्ताळलेला स्राव येत असेल, तर तो नाकातल्या शिस्टोसोमाचा आजार असू शकतो. अनेक घरांत त्याला सर्दी समजून सोडून दिलं जातं. पशुवैद्यकीय दवाखान्यात स्राव आणि शेण तपासून घेता येतं आणि त्यावर औषध आहे. एकाच घरच्या जनावरावर उपचार होऊन भागत नाही, कारण तलाव अख्ख्या गावाचा असतो. म्हणून पावसाळ्याआधी पशुवैद्यकाला गावात बोलावून सगळी गुरं एकदम तपासून घेतली, तर जनावरांचा त्रास कमी होतो आणि रोवणीला उतरणाऱ्यांचाही.