उत्तर बरोबर, पण कोणत्या हिशेबाचे?

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कवठे महांकाळ तालुक्यात पावसाचा आकडा हा केवळ कुतूहलाचा विषय नसतो. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आले, द्राक्षबागा वाढल्या. तरीही पाऊस किती पडला आणि किती दिवस पडला, याच्या नोंदीवर टंचाईचे नियोजन, पीकविमा आणि नुकसानभरपाई यांचे अनेक निर्णय बेतलेले असतात. भारतीय हवामान खात्याच्या व्याख्येनुसार चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तर तो ‘पावसाचा दिवस’ धरला जातो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानण्याचा निकष राज्यात पीकनुकसानीच्या मदतीसाठी वापरला जातो. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांच्या नोंदींतून असे दिवस मोजण्याचे काम संगणक क्षणार्धात करतो. प्रश्न उरतो तो वेगळाच. अहवालात छापलेला आकडा त्याच अहवालात दाखविलेल्या हिशेबातून आला आहे, याची खात्री काय?

प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना संगणकशास्त्रातील ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या विचारापर्यंत जावे लागते. प्रोग्रॅम हा यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञांचा ढीग नसून माणसाने वाचावयाचा लेख आहे, असे हा विचार मानतो.

विणकाम आणि गुंता

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांनी १९८४ साली एका निबंधातून ही कल्पना मांडली. गणिती मजकुराच्या छपाईसाठी त्यांनी तयार केलेली ‘टेक’ ही प्रणाली याच पद्धतीने लिहिलेली आहे. लेखकाने स्पष्टीकरण आणि कोड एकाच फाइलमध्ये, वाचकाला समजेल अशा क्रमाने लिहावेत. मग ‘वीव्ह’ म्हणजे विणणारे साधन त्यातून छापण्याजोगा लेख तयार करते, तर ‘टँगल’ म्हणजे गुंतविणारे साधन त्यातूनच संगणकाला चालविता येईल असा कोड बाहेर काढते.

नूथ यांच्या या मांडणीत कोड आणि स्पष्टीकरण एकत्र आले. कोड चालविल्यावर मिळणारे उत्तर, म्हणजे आउटपुट, मात्र बाहेरच राहिले. ते वेगळ्या खिडकीत दिसे आणि लेखात हवे असल्यास हाताने उतरवून घ्यावे लागे. जेथे हाताने उतरविणे आले, तेथे चुकीला वाट मिळाली.

उत्तरही लेखात आले

ही उणीव हळूहळू भरून निघाली. १९८८ साली आलेल्या ‘मॅथेमॅटिका’ने मजकूर, गणित आणि उत्तर एकाच संगणकीय वहीत दाखविले. २००२ साली फ्रीडरिश लाइश यांनी ‘स्वीव्ह’ हे साधन आणले. त्यात संख्याशास्त्रीय अहवालाच्या मजकुरातच ‘आर’ भाषेतील कोड लिहावयाचा. अहवाल तयार होताना कोड चालतो आणि तक्ते व आलेख आपोआप जागच्या जागी येऊन बसतात. ‘ईमॅक्स’ या संपादकातील ‘ऑर्ग मोड’ला जोडलेल्या ‘बेबेल’ने अनेक भाषांतील कोड एकाच लेखात चालविण्याची सोय केली.

सर्वांत अधिक पसरली ती ‘ज्युपिटर’ वही. कोलंबियात जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली ‘आयपायथन’ लिहावयास घेतले. २०११ साली त्याला ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वहीचे रूप आले आणि २०१४ साली त्यातूनच ‘ज्युपिटर’ प्रकल्प उभा राहिला. गुरुत्वीय लहरींचा शोध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाला, तेव्हा ‘लायगो’च्या शास्त्रज्ञांनी मोजणीची आकडेवारी आणि ती कशी वाचावी हे दाखविणारी अशी वहीही सर्वांसाठी खुली केली. पुण्याच्या ‘आयुका’चे शास्त्रज्ञ या आंतरराष्ट्रीय प्रयत्नात सहभागी होते, आणि ‘लायगो’ची भारतातील वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

महाराष्ट्रात याच वह्यांचा आणखी एक उपयोग झाला. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ हा प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. त्याच्या ‘टेक्स्टबुक कंपॅनियन’ उपक्रमात विद्यार्थी विज्ञान व अभियांत्रिकीच्या प्रमाण पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे संगणकाकडून पुन्हा सोडवून घेतात. पायथन भाषेतील असे संच वहीच्याच स्वरूपात खुले करण्यात आले. येथे वाचकाला एक मोठा आधार असतो, तो पाठ्यपुस्तकातील छापील उत्तराचा. वहीतील उत्तर त्याच्याशी ताडून पाहता येते. नव्या संशोधनाला किंवा तालुक्याच्या पर्जन्य अहवालाला असा आधार नसतो. तेथे वहीवरच भरवसा ठेवावा लागतो.

चूक कोठून शिरते?

वहीवरचा भरवसा कसा ढळतो, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कवठे महांकाळच्या एखाद्या विद्यार्थ्याने पावसाच्या नोंदींची वही तयार केली, असे समजा. पहिल्या चौकटीत नोंदींची फाइल वाचली जाते. दुसऱ्या चौकटीत मर्यादा ठरते: २.५ मिलिमीटर. तिसऱ्या चौकटीत त्या मर्यादेइतका वा अधिक पाऊस झालेले दिवस मोजले जातात. उत्तर येते ३१.

आता त्याला अतिवृष्टीचे दिवसही पाहावेसे वाटतात. तो दुसऱ्या चौकटीत ६५ लिहितो, दुसरी आणि तिसरी चौकट चालवितो. उत्तर येते २. मग तो दुसऱ्या चौकटीत पुन्हा २.५ लिहितो, परंतु चौकटी चालवायला विसरतो आणि वही जतन करतो. वाचकाला दिसते ते असे: मर्यादा २.५ आणि पावसाचे दिवस २. यात आकडा बनावट नाही, कोड चुकीचा नाही, संगणकाचाही दोष नाही. तरीही कागदावर हंगाम कोरडा गेला. असा अहवाल पुढे सरकला, तर त्यावर बेतलेला निर्णयही चुकणार.

याचे कारण वहीच्या रचनेत आहे. पडद्यावर दिसणारी वही आणि कोड चालविणारा ‘कर्नेल’ हे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम असतात. कर्नेलला चौकटींचा कागदावरील क्रम ठाऊक नसतो. कोणती चौकट केव्हा चालविली, एवढेच त्याच्या स्मरणात राहते. चौकट पुसली, तरी तिने ठरविलेली किंमत कर्नेलमध्ये टिकून राहते. वही मात्र कागदासारखी दिसते आणि वरून खाली वाचली जाते.

हा दोष किती पसरला आहे, याचा अंदाज २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आला. पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी ‘गिटहब’ या संकेतस्थळावरील सुमारे १४ लाख वह्या गोळा केल्या. त्यांपैकी ज्या चालवून पाहण्याजोग्या होत्या, त्यांतील २४.११ टक्के वह्याच विनाअडथळा चालल्या आणि मूळचीच उत्तरे पुन्हा मिळाली ती अवघ्या ४.०३ टक्के वह्यांत.

उत्तर पकडण्याची कसरत

कोड चालविणे हा अर्धा भाग झाला. त्याचे उत्तर नेमके टिपून योग्य जागी आणणे हा उरलेला अर्धा भाग, आणि तोही दिसतो तितका सोपा नाही.

पहिली अडचण म्हणजे उत्तर कशाला म्हणावयाचे? कोडच्या शेवटी हाती येणारी किंमत हे एक उत्तर. कोड चालत असताना छापलेला मजकूर हे दुसरे. इशारे आणि त्रुटींचे संदेश हे तिसरे. ‘बेबेल’मध्ये लेखकाला किंमत हवी की छापलेला मजकूर हवा, हे सांगण्याची सोय आहे. ज्युपिटरचा कर्नेल या गोष्टी वेगवेगळ्या संदेशांनी पाठवितो. त्रुटीचा संदेश गाळून केवळ आकडा लेखात आणणारे साधन वाचकाची दिशाभूल करते. नोंदींतील ९ दिवस रिकामे होते हा इशारा हरवला, तर ३१ या आकड्याचा अर्थच बदलतो.

दुसरी अडचण चालू ‘सत्रा’ची. प्रत्येक तुकडा कोऱ्या प्रक्रियेत चालविला, तर जुन्या किमतींचा संसर्ग होत नाही. पण दर वेळी सारे काम नव्याने करावे लागते. सत्र चालू ठेवले, तर काम वेगाने होते. पण साधनाला चालू संवादातून उत्तर वेचून घ्यावे लागते. काम संपले हे ओळखण्यासाठी कोडच्या शेवटी एखादी विशिष्ट खूण छापावयास सांगतात आणि ती दिसेपर्यंतचा मजकूर उत्तर म्हणून घेतात. तशी खूण मूळ मजकुरातच आली किंवा संवादातील सूचक चिन्हे मध्ये मिसळली, तर उत्तर अर्धवट किंवा गढूळ येते. म्हणून ही खूण सहसा न आढळणारी असावी लागते.

तिसरी अडचण खालच्या थरातून येणाऱ्या मजकुराची. पायथनमधून बोलावलेला सी भाषेतील भाग थेट कार्यप्रणालीच्या वाटेने छपाई करतो, तेव्हा पायथनच्या पातळीवर लावलेले जाळे त्याला पकडू शकत नाही. ज्युपिटरच्या पायथन कर्नेलच्या सहाव्या आवृत्तीत म्हणूनच हे जाळे खालच्या थरापर्यंत नेण्यात आले.

मराठी वापरकर्त्याला चौथी अडचण ओळखीची वाटेल. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. उत्तर तुकड्यातुकड्याने वाचणाऱ्या साधनाने चिन्हाच्या मधोमध कात्री लावली किंवा भलतीच लिपीपद्धत गृहीत धरली, तर ‘कवठे महांकाळ’च्या जागी प्रश्नचिन्हे आणि चौकोन उमटतात. अर्धे चिन्ह राखून पुढच्या तुकड्याशी जोडणे, हाच त्यावरचा इलाज.

जपून ठेवलेले जुने उत्तर

मोठे हिशेब वारंवार करणे परवडत नाही, म्हणून साधने उत्तर जपून ठेवतात. ‘आर’ भाषेतील ‘निटर’ हे साधन कोडचा एक प्रकारचा ठसा घेते. ठसा बदलला नाही, तर जुने उत्तर वापरते. सोय मोठी आहे, पण एक पळवाट उरते. कोड तसाच राहिला आणि पावसाच्या नोंदींची फाइल मात्र दुरुस्त झाली, तर ठसा बदलत नाही आणि लेखात जुनाच आकडा येतो. फाइलमधील बदलही लक्षात घ्यावा, हे लेखकाने साधनाला स्वतःहून सांगावे लागते.

सुधारणा कोणत्या दिशेने?

या साऱ्या दोषांवर आज तीन प्रकारचे उपाय दिसतात. पहिला शिस्तीचा: वही कोणाच्याही हाती देण्यापूर्वी कर्नेल नव्याने सुरू करून सर्व चौकटी वरपासून खालपर्यंत चालवाव्यात. हे काम माणसावर न सोपविता आपोआप करून घेण्याची साधनेही आहेत. मध्ये कोठे त्रुटी आली, तर ती अहवाल तयार करण्याचे नाकारतात.

दुसरा उपाय रचनेचा आहे. २०२० साली ज्युलिया भाषेसाठी आलेल्या ‘प्लुटो’ वहीत कोणती चौकट कोणत्या चौकटीवर अवलंबून आहे, याचा माग साधनच ठेवते. मर्यादा बदलली की मोजणीची चौकट आपोआप पुन्हा चालते; चौकट पुसली की तिची किंमतही जाते. पायथनसाठी ‘मारिमो’ हीच वाट चालते. वरच्या उदाहरणातील २.५ आणि २ यांची विसंगत जोडी अशा वहीत टिकूच शकत नाही. याची किंमतही आहे: एक अक्षर बदलले तरी तासाभराचा हिशेब पुन्हा सुरू होऊ शकतो, म्हणून मोठ्या कामांसाठी आपोआप चालणे थांबविण्याची सोय ठेवावी लागते.

तिसरा उपाय नोंदीचा. उत्तराबरोबरच ते कोणत्या कोडचे, कोणत्या फाइलचे आणि सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीचे, हे जतन करावे. यादृच्छिक आकडे वापरले असतील, तर त्यांचे बीजही नोंदवावे. दोन वर्षांनी दुसऱ्याच संगणकावर वही उघडणाऱ्याला या नोंदीवाचून गत्यंतर नसते.

यांपैकी पहिल्या उपायाला नवे साधन लागत नाही, खर्चही नाही. महाविद्यालयातील प्रकल्प तपासणारे प्राध्यापक, अहवाल स्वीकारणारे कार्यालय आणि पत्रकारदेखील संगणकीय वही हाती आली की एकच मागणी करू शकतात: ती कोऱ्या सत्रात आमच्यासमोर पुन्हा चालवून दाखवा. पहिल्या चौकटीपासून निघून तोच आकडा पुन्हा आला, तर निदान तो दाखविलेल्या हिशेबाचाच आहे, एवढे सिद्ध होते. हिशेब योग्य आहे की नाही आणि पर्जन्यमापकाची नोंद खरी आहे की नाही, याची चर्चा त्यानंतरच सुरू होऊ शकते.