मोत्याचे बेट आणि पाणबुड्याची उचल

कतारची राजधानी दोहा. तिच्या किनाऱ्याला लागून समुद्रात भर टाकून ‘द पर्ल’ हे सुमारे ४०० हेक्टरचे बेट उभारले आहे. रमजानच्या दुपारी तिथे गेले तर सगळे झोपल्यासारखे वाटते. हॉटेले बंद, धक्क्याला पांढऱ्या नौका नुसत्या डुलत असतात. कनात क्वार्टियर या भागात तर व्हेनिसच उचलून आणले आहे. कालवे, रंगीत घरे, रिआल्टोच्या वळणाचा पूल. देखणे खरे, पण जरासे नाटकाच्या नेपथ्यासारखे.

नाव मात्र उसने नाही. जिथे बेट आहे तिथे पूर्वी मोत्यांसाठी बुड्या मारल्या जात. उन्हाळाभर होड्या समुद्रातच. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात शिंपल्यांची जाळी. वर दोर धरून बसलेला साथीदार. भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. म्हणून दिवसा थोडे खजूर आणि कॉफी, जेवण सूर्य बुडाल्यावर. रमजान नसला तरी दिवस असाच जायचा.

आखातातले मोती मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बाजारात येत. व्यवहार रुपयांत होई. कतारमध्ये रुपया १९६६ पर्यंत चालला. पाणबुड्याच्या हाती त्यातले थोडेच पडे. हंगामाआधी नाखव्याकडून उचल घ्यायची, मोती कमी निघाले की ती पुढच्या वर्षावर. कधी बापाची बाकी मुलाच्या माथी. कोकणातल्या वाचकांना ‘नाखवा’ आणि ‘उचल’ हे शब्द समजावून सांगायला नकोत. पुढे जपानचे कल्चर मोती आले, १९२९ ची जागतिक मंदी आली आणि धंदा बसला. नंतर तेल सापडले.

रमजानमध्ये बरेच मुसलमान वर्षाची जकात काढतात, शिल्लक संपत्तीवर अडीच टक्के. ती कोणाला द्यावी याचे आठ प्रकार कुराणात सांगितले आहेत. कर्जात बुडालेला माणूस त्यांत आहे. गोरगरिबांबरोबर त्याचीही आठवण ठेवली आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

कर्ज आजही आहे. कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायला कतारच्या कायद्यात मनाई आहे; तरी गावाकडच्या एजंटाला पैसे मोजून, त्यासाठी व्याजाने रक्कम काढून आलेले बरेच असतात. रमजानमध्ये कामाचे तास कायद्याने आठवड्याला ४८ वरून ३६ होतात. पण ज्याची कमाई फेऱ्यांवर, त्याला कमी तास परवडत नाहीत.

मगरिबची अजान होते. शहरात इफ्तारची तोफ उडते. बेटावर दिवे लागतात, टेबले भरू लागतात. जेवणाची पार्सले पोहोचवणारी पोरे फुटपाथलगत मोटारसायकली लावून खजूर तोंडात टाकतात, बाटलीतले पाणी एकमेकांना देतात. नमाज होईपर्यंत फोन खिशातच वाजत राहतो.