छात्रालय दैनिक आणि घरातील संध्याकाळ

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर त्यांनी तेथील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. ते छापील नव्हते; गुरुजी स्वहस्ते लिहीत. वाचनाचा नुसता उपदेश न करता मुलांसाठीच लिहिलेला मजकूर त्यांच्यासमोर ठेवणे, हा मार्ग त्यांनी पत्करला. पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही निघाले. १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी शाळा सोडली.

चौविहार पाळणाऱ्या व्यापारी घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. मोठी माणसे पुन्हा दुकानी जातात आणि मुलांपुढे मोकळी संध्याकाळ उरते. ती बहुधा मोबाइलच्या वाट्याला जाते. घरात पुस्तके नसतात असे नाही. ती काचेच्या कपाटात, कुलपाआड असतात. ती झोपाळ्याजवळ, उशाशी, मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवावीत. कोणते उचलायचे आणि कोणते अर्ध्यावर सोडायचे, हे मुलानेच ठरवावे. इथे जमाखर्चाची वही नको.

स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत वाचनेनंतर लगेच पृच्छना येते. शंका विचारण्याचा तो अधिकार वाचणाऱ्याचा. घरी मात्र उलटेच घडते. पुस्तक मिटताच वडीलधारे विचारतात, “काय बोध घेतलास?” आणि मूल परीक्षेला बसते. त्यापेक्षा दुकान वाढवून आलेल्या वडिलांनी मुलाच्या एखाद्या प्रश्नासाठी पाच मिनिटे थांबावे. उत्तर ठाऊक नसेल, तर दोघांनी मिळून ते पुस्तकात शोधावे.