हांकेला ओ

कार्तिक वद्य एकादशी आली कीं वसईकडील निर्मळ गांवीं यात्रा भरते. तळ्याच्या काठीं शंकराचार्यांची समाधि म्हणून पूजिलें जाणारें स्थान आहे. त्याच्या दर्शनास दुरून दुरून लोक येतात. परंतु या यात्रेस जाणाऱ्या माणसाला वाटेंतच एक गोष्ट जाणवल्यावांचून राहत नाहीं. केळीच्या व पानवेलींच्या वाड्यांमधून जातां जातां एका अंगणांत तुळशीवृंदावन दिसतें, तर पुढच्या अंगणांत तसाच चौथरा आणि त्यावर क्रूस. दोन्ही घरांतील बोली एक, शेतीची रीत एक, पाहुण्यापुढें ठेविलेलीं सुकेळींहि एकच. या भागांतील बरेच ख्रिस्ती आपले पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते असें सांगतात, आणि सामवेदी ब्राह्मणांचीं घरें आजहि त्यांच्या शेजारास आहेत. म्हणजे एका अर्थीं हें एकच मोठें एकत्र कुटुंब. मध्यंतरीं इतिहासानें त्याच्या दोन चुली केल्या.

त्या चुली कशा वेगळ्या झाल्या हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. गुजराथच्या बहादुरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली, तेव्हांपासून चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं ती सोडवीपर्यंत या मुलखांत देवळें पाडलीं गेलीं आणि सत्तेच्या दडपणाखालीं धर्मांतरें झालीं. हें दुःख लहान नाहीं, आणि तें झाकून ठेवून पुढचें लिहावें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु सत्तेनें बदललेला धर्म आणि माणसानें अंतःकरणांतील हांक ऐकून पत्करलेला धर्म या दोन अगदीं भिन्न वस्तु आहेत. पहिलीचें वर्णन पुष्कळ झालें आहे. दुसरीचें एक उदाहरण याच वसईच्या मातींत जन्मलेलें असून आपल्या घरांतून त्याची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. तीच आज येथें सांगावयाची आहे.

गोन्सालो गार्सियाचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. बाप पोर्तुगीज, आई याच भूमीची. किल्ल्यांतील जेझुइट पाद्र्यांच्या शाळेंत त्याचें शिक्षण झालें, आणि पंधरा-सोळा वर्षांचा असतां तो त्या पाद्र्यांबरोबर जपानास गेला. त्या काळचा हा प्रवास म्हणजे महिनेच्या महिने शिडाचें जहाज, आणि पुनः घर दिसेल याची खात्री नाहीं. तेथें तो जपानी भाषा शिकला, आणि ती अशी शिकला कीं जपानी लोकांत बसून त्यांच्याच बोलीनें त्यांना धर्म समजावून सांगण्याचें काम त्याच्याकडे आलें. तें काम त्यानें कित्येक वर्षें केलें.

आपणहि त्या संघांत रीतसर घेतले जावें, व्रतस्थ व्हावें, ही त्याची इच्छा होती. ती इच्छा पुरी झाली नाहीं. जेझुइटांनीं त्याला आपल्यांत घेतलें नाहीं. आठ-दहा वर्षें ज्या दारीं सेवा केली, तें दार उघडलें नाहीं. अशा वेळीं माणूस दोनपैकीं एक करतो: कुढत तेथेंच पडून राहतो, किंवा देवालाच दूषण देऊन पाठ फिरवितो. गोन्सालोनें यांपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यानें व्यापार धरला. भाषा येत होती, बंदरें माहीत होतीं, माणसें ओळखीचीं होतीं. पूर्वसमुद्रांतील व्यापारांत त्याचा जम बसला, पैसा आला, नांव झालें. वसईहून निघालेला एक पोरगा तिशीच्या आंत सुखवस्तु व्यापारी झाला. येथें कथा संपली असती तर कोणीहि म्हटलें असतें कीं, पोरानें चांगलें केलें.

परंतु हांक पहिल्या नकारानें बंद झाली नव्हती. व्यापारानिमित्त तो फिलिपाइन बेटांतील मनिला शहरीं जात-येत असे. तेथें फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंशीं त्याचा संबंध आला. अनवाणी चालणारे, भिक्षेवर राहणारे, महारोग्यांची शुश्रूषा करणारे असे हे लोक. गोन्सालोनें आपला व्यापार आटोपला आणि १५८८ सालीं तो त्यांच्या पंथांत शिरला. तेथेंहि तो उपदेशक पाद्री म्हणून शिरला नाहीं. साधा धर्मबंधु म्हणून शिरला. मठांतील या लोकांना वेदीवरचा मान नसतो; झाडलोट, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा, जें पुढ्यांत येईल तें काम त्यांचें.

आम्हांस वाटतें, गोन्सालोच्या चरित्रांतील सर्वांत कठीण दिवस हाच. पुढें नागासाकीस जें झालें तें भयंकर खरें. पण तेथें मागें फिरण्याची वाट जवळजवळ उरली नव्हती. मनिलाच्या बंदरांत मात्र सर्व वाटा मोकळ्या होत्या. गांठीला पैसा, डोक्यावर छप्पर, चार लोकांत पत. "एकदां गेलों होतों, त्यांनींच नको म्हटलें, आतां माझा काय दोष?" हें उत्तर तयार होतें आणि तें खोटेंहि नव्हतें. आपल्यापैकीं किती जण अशाच एका खऱ्या उत्तराच्या आधारानें जन्मभर स्वस्थ बसलेले असतात! विशीमध्यें एखादें सेवेचें काम मनांत आलें होतें, प्रयत्न केला, जमलें नाहीं. मग नोकरी लागली, घर झालें. आणि त्या जुन्या अपयशाचेंच पांघरूण घेऊन आपण झोपीं गेलों. सुखाला आपल्याविरुद्ध मोठें युद्ध करावें लागत नाहीं. तें फक्त आपल्याजवळ एक सबब ठेवून जातें.

आणखी एक गोष्ट. गोन्सालोनें व्यापार सोडला, पण व्यापाराच्या वर्षांत जें अंगीं आलें तें वायां गेलें नाहीं. १५९३ सालीं फिलिपाइनच्या स्पॅनिश सुभेदारानें पेद्रो बाउतिस्ता नांवाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठविलें. त्या मंडळींत दुभाषी म्हणून गोन्सालो गेला. राजदरबारीं बोलावयाचें तर भाषा हवी, रीतिभाती हव्या, माणसाची पारख हवी. हें सर्व त्यानें दोन निरनिराळ्या धंद्यांत मिळविलें होतें. पुढें क्योतो येथें या साधूंनीं चर्च बांधलें आणि महारोग्यांसाठीं रुग्णालयें काढलीं. जो धर्मबंधु सत्ताधीशासमोर बोले, तोच मठांत परतल्यावर झाडू हातीं घेई.

हिदेयोशीनें १५८७ सालींच परकी पाद्र्यांनीं देश सोडावा असा हुकूम काढला होता; त्याची अंमलबजावणी मात्र सैल होती. १५९६ सालीं ‘सान फेलिपे’ नांवाचें एक स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्याला लागलें. त्यांतील मालाच्या जप्तीवरून तंटा वाढला, आणि आधीं धर्मोपदेशक येतात व त्यांच्या मागून सैन्य येतें हा संशय हिदेयोशीच्या मनांत बळावला. आम्ही वसईच्या इतिहासाचे वारस. हा संशय अगदींच निराधार होता असें आम्हांस म्हणवणार नाहीं. परंतु पाप एकाचें आणि शिक्षा भलत्यालाच, हा राजकारणाचा जुना नियम येथेंहि चालला. ज्यांच्या हातीं तलवार नव्हती, खजिना नव्हता, जे महारोग्यांचे व्रण धूत होते, ते पकडले गेले.

एकंदर २६ जणांना देहान्त शिक्षा झाली. सहा परदेशी फ्रान्सिस्कन, त्यांत एक गोन्सालो. तिघे जपानी जेझुइट. आणि बाकीचे सतरा जपानी श्रद्धाळू, त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाहि होता. जानेवारी १५९७ मध्यें क्योतो येथें त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यांत आली, आणि मग ऐन हिवाळ्यांत शेंकडों मैलांची वाट त्यांना नागासाकीपर्यंत तुडवावी लागली. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर सव्वीस क्रूस उभे करून त्यांना त्यांवर बांधलें आणि भाल्यांनीं भोसकून मारलें. गोन्सालोचें वय तेव्हां चाळीसच्या आसपास होतें. ज्या संघाचें दार त्याला उघडलें नव्हतें, त्या संघाचे तिघे जण त्याच्याच ओळींत क्रूसावर होते. १८६२ सालीं रोमच्या धर्मपीठानें या सर्वांना संत म्हणून घोषित केलें. भारतांत जन्मलेला पहिला ख्रिस्ती संत तो हाच.

एवढें ऐकून आमच्या वाचकांपैकीं एखादे वडील गृहस्थ, किंवा अधिक करून एखाद्या आजीबाई, विचारतील: "हें सारें खरें, पण जो हांक ऐकून उठून जातो त्याच्या मागें घरच्यांनीं काय करावें?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं, आणि ख्रिस्ती लोकांपुरता तर मुळींच नाहीं. निर्मळच्या समाधीपुढें हात जोडणाऱ्या प्रत्येकाला आद्य शंकराचार्यांची ती कथा आठवते: मगरीनें पाय धरला असतां बाल शंकरानें आईजवळ संन्यासाची अनुज्ञा मागितली, आणि तिच्या अंत्यसमयीं येण्याचें दिलेलें वचन संन्याशाला निषिद्ध असतांहि पाळलें. त्याच्या उलट आळंदीच्या विठ्ठलपंतांची कथा. पत्नी घरीं असतां ती गोष्ट लपवून त्यांनीं काशीस संन्यास घेतला. गुरूंना खरें कळतांच त्यांनीं त्यांना परत संसारांत पाठविलें. आणि त्या एका असत्याची फळें निवृत्ति-ज्ञानदेवादि भावंडांना भोगावीं लागलीं.

जवळच्या काळांतलें उदाहरण नारायण वामन टिळकांचें. हे कोंकणस्थ ब्राह्मण कवि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यांनीं समाज सोडला, नातलग सोडले; त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्या निर्णयाचा मोठा भार ज्यांनीं वाहिला त्या लक्ष्मीबाईंना तो आधीं कोणीं विचारला नव्हता. लहान मूल घेऊन त्यांनीं कित्येक वर्षें वियोगांत काढलीं. पुढें नवऱ्याजवळ येऊनहि त्यांनीं आपलें सोवळें एकदम टाकलें नाहीं. आपल्या मनाला पटेल तेव्हांच, आपल्या पायांनीं, त्या पुढें आल्या, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्याला दिसतें कीं, त्या घरांत ईश्वराची हांक दोनदां आली. एकदां टिळकांना, आणि नंतर स्वतंत्रपणें लक्ष्मीबाईंना. आणि दुसरी पहिलीपेक्षां तसूभरहि कमी मोलाची नव्हती. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, तेव्हां मात्र त्यांच्या त्यागांत दोघांचा वांटा होता.

यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. कोणी म्हणूं लागला कीं मला हांक आली आहे, तर प्रथम पाहावें कीं तो कोणाचें सुख सोडीत आहे: स्वतःचें कीं दुसऱ्याचें? गोन्सालोनें सोडलें तें स्वतःचें धन, स्वतःची पत, शेवटीं स्वतःचा देह. दुसरें असें पाहावें कीं ती हांक त्याला वरच्या आसनाकडे नेत आहे कीं खालच्या. मान वाढवून देणारी हांक बहुधा आपलाच आवाज असतो. आणि तिसरें, तो सत्य सांगून जात आहे कीं लपवून. या तीन कसोट्यांस जो उतरला त्याला अडविण्याचा अधिकार घरच्या वडिलांनाहि नाहीं, असें आम्हांस नम्रपणें वाटतें.

आणि हांक नेहमीं समुद्रापार नेतेच असेंहि नाहीं. निर्मळजवळच्याच नंदाखाल येथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे पाद्री होते. प्रार्थनामंदिराच्या भिंतींआड निवांत आयुष्य काढणें त्यांना शक्य होतें. वसईच्या वाड्या, विहिरी आणि झाडें यांवर संकट आलें तेव्हां ते हरित वसईच्या चळवळींत उघडपणें उतरले आणि त्यांनीं धाकदपटशा सोसला. बायबल सोप्या मराठींत आणण्याचें काम त्यांनीं केलें, आणि २०२० सालीं धाराशिवच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. २०२४ सालीं ते निवर्तले. ते घरापासून दूर गेले नाहींत. घरासाठींच उभे राहिले.

आपल्या घरांतहि उद्यां कोणी असें उठेल. डॉक्टर झालेली सून म्हणेल कीं मला आदिवासी पाड्यावर काम करावयाचें आहे. मोठ्या पगारावरचा मुलगा म्हणेल कीं मी शाळा काढतों. त्या वेळीं माजघरांत बैठक बसेल, खर्चाचे आंकडे निघतील, "लोक काय म्हणतील?" हेंहि निघेल. खर्चाचे आंकडे अवश्य काढावे. गोन्सालोनेंहि व्यापार आटोपूनच मठ गांठला. पण त्या बैठकींत एक प्रश्न वडिलांनीं स्वतःलाहि विचारावा: आपण त्याला सांभाळीत आहों, कीं त्याच्या निमित्तानें आपलें सुख?

वसईच्या किल्ल्यांत गोन्सालोच्या नांवाचें चर्च आहे. पुढील वर्षीं निर्मळच्या यात्रेस जाणाऱ्यांनीं समाधीचें दर्शन झाल्यावर सवड काढून तेथेंहि जावें. शेजारघरींहि आपल्यासारखीच एक माउली होती, आणि तिचाहि मुलगा एकदां दार ओलांडून गेला, एवढें तेथें मनांत आलें तरी पुष्कळ झालें.