समुद्रापासून दूर, थाई नारळी सूप

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही झिंगे आणि नारळाचे दूध यांचा मेळ या तालुक्याला अनोळखी नाही. १९६०च्या दशकापासून पूर्व पाकिस्तानातील बंगाली निर्वासितांचे पुनर्वसन तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील या जंगलपट्ट्यात झाले. १९८२ मध्ये हा भाग नव्या गडचिरोली जिल्ह्यात आला. बंगाली स्वयंपाकातील 'चिंग्री मलाई करी' नारळाच्या दुधातच शिजते. त्यातील 'मलाई' हा शब्द 'मलय'वरून आला असावा, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर थाई सूप हा या घरांचा लांबचा नातेवाईकच ठरतो.

थायलंडचे प्रसिद्ध 'तोम यम कुंग' हे झिंग्यांचे सूप युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केले. ते बहुधा नदीतील मोठ्या झिंग्यांचे करतात. त्यामुळे गोड्या पाण्यातील झिंगे वापरणे ही तडजोड मानण्याचे कारण नाही.

चार जणांसाठी पाव किलो झिंगे, २०० ग्रॅम तांदळाच्या शेवया (राइस नूडल्स) आणि एक मोठा नारळ पुरतो. खोबरे अर्धा वाटी कोमट पाण्यात वाटून पहिले, घट्ट दूध वेगळे काढावे. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पातळ दूध काढावे. झिंग्यांची डोकी व कवच टाकून न देता थोड्या तेलात परतून चार वाट्या पाण्यात वीस मिनिटे उकळावेत व पाणी गाळून घ्यावे. सूपाची खरी चव या पाण्यात असते.

थाई 'लेमनग्रास' म्हणजे आपला गवती चहाच. मात्र पानांऐवजी त्याचा बुडाचा पांढरा भाग ठेचून घ्यावा. कोळिंजन न मिळाल्यास आले चालते, पण चव थोडी बदलते. लाल मिरची, लसूण, आले व कोथिंबिरीची मुळे एकत्र वाटावीत. थाई माशांच्या सॉसऐवजी भाजून कुटलेली एक चमचा सुकट आणि मीठ घालता येते.

वाटण तेलावर परतून त्यात झिंग्यांचे पाणी, गवती चहा व पातळ दूध घालून दहा मिनिटे मंद उकळावे. मग झिंगे घालावेत. ते दोन-तीन मिनिटांत शिजतात; जास्त वेळ ठेवल्यास चामट होतात. शेवटी घट्ट दूध घालून गॅस बारीक ठेवावा. खळखळून उकळल्यास दुधातील प्रथिने आकसतात व तेल वेगळे होऊन सूप फाटते. आंबटानेही तेच घडते, म्हणून लिंबू भांडे उतरल्यावरच पिळावे. शेवया गरम पाण्यात वेगळ्या भिजवून, वाढताना वाडग्यात घालाव्यात. सूपातच ठेवल्यास त्या सारा रस पिऊन लगदा होतात.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी खरी काळजी खरेदीत घ्यावी. ताज्या झिंग्यांना अमोनियासारखा उग्र वास नसतो आणि अंग चिकट लागत नाही. गोठवलेले झिंगे रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्यावेत; बाहेर ओट्यावर ठेवू नयेत आणि पुन्हा गोठवू नयेत. ज्यांना झिंग्यांची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी केवळ झिंगे वगळणे पुरेसे नाही. सुकट आणि कवचाचे पाणीही टाळावे. अशा घरात भाज्यांच्या पाण्यात व अळिंबी (मशरूम) घालून हेच सूप सुखाने करता येते.