अक्षराच्या रिकाम्या जागी

सकाळी साडेसहा. दुकान नऊला उघडायचं असतं, त्याआधीचा वेळ माझा. मोहोपाड्याच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं करून घर चालतं. सकाळी मात्र मी माझी गोष्ट जुळवत बसते. आठ पानं, एकही रेखाचित्र नाही, फोटो नाही. डोंगर, पाऊस, माणसं, सगळं अक्षरांनीच उभं करायचं. विषय इर्शाळवाडीचा. 19 जुलै 2023च्या रात्री दरड कोसळून इर्शाळगडाखालची ही ठाकरवाडी गाडली गेली. आमच्याच खालापूर तालुक्यात, चौक गावाच्या वर. त्या आठवड्यात मोबाइलवर इतके फोटो आले की बोट आपोआप पुढे सरकवायला लागलं. अक्षर वाचायला नजर थांबवावी लागते. म्हणून मी चित्र सोडलं आणि अक्षर धरलं.

आज तिसरं पान. अपोलिनेर या फ्रेंच कवीच्या 1918च्या 'कॅलिग्राम' संग्रहात पावसाची अक्षरं सुटी सुटी ओघळत येतात. रोमन लिपीला ते जमतं, तिची छापील अक्षरं एकमेकांना बांधलेली नसतात. आपली अक्षरं शिरोरेघेखाली एकत्र राहतात. रेघ ढळली की अख्खी ओळ ढळते. मला हवं होतं ते नेमकं हेच. रेघ उतरती घेतली, खालचे उभे दंड आणि काने मात्र ओळंब्यात ठेवले. तेही कलते केले तर अक्षर नुसतं तिरपं दिसतं, डोंगरउतार दिसत नाही. चौथ्या पानावर ती रेघ खालच्या बाजूने जाड होत जाते, इतकी की अक्षरांची पोटं भरून जातात. शेवटी काळ्या पट्ट्याच्या वर उरतात ती फक्त टिंबं: 'माणसं', 'घरं', 'गुरं', 'पोरं' यांच्या डोक्यावरची. 'माणसे' लिहिलं असतं तर हे पान झालंच नसतं. बोलीने प्रत्येकाच्या डोक्यावर एक टिंब दिलंय, आणि मला ते ढिगाऱ्याच्या वर राहिलेलं दिसतं.

नऊ. शटर वर. वाढदिवसाचा एक फ्लेक्स, त्यात नेहमीप्रमाणे शुभेच्छुकांची यादी वाढतच गेली. मग दोन पत्रिकांची प्रुफं.

साडेअकराला एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर मॅटर पाठवलं, ते पेस्ट केल्यावर दोन ठिकाणी ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ आलं. आमच्या धंद्यात याला 'फॉन्ट उडाला' म्हणतात. खरं कारण साधं आहे. वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना खाली अक्षर लागतं. युनिकोडमध्ये ते अक्षर सापडलं नाही की संगणक स्वतःहून ठिपक्यांचं वर्तुळ काढतो: इथे अक्षर हवं होतं, ते नाही. जुन्या 'श्रीलिपी' फॉन्टांत असं होत नसे, तिथे काना-मात्रा सुट्या बडवता येत. मी वर्तुळं काढून पत्रिका नीट केली, पण पाचव्या पानाचं कोडं तिथेच सुटलं.

दीड. डबा बाजूला ठेवून पाचवं पान उघडलं. शोधकार्य 23 जुलैला थांबवलं गेलं, तोवर 27 मृतदेह हाती लागले होते. 57 माणसं बेपत्ताच राहिली. ही 57 माणसं कशी दाखवायची यावर मी अडले होते. आता अक्षर न देता नुसता अनुस्वार टाइप केला. आलं वर्तुळ, वर टिंब. असे 57, ओळीने. फॉन्ट मुद्दाम 'मंगल' घेतला, विंडोजमधला, कुणाचं लक्ष न जाणारा. तो र. कृ. जोशी यांचा. जोशी स्वतः अक्षरांच्या मांडणीतून कविता करत. त्यांच्याच टाइपातलं हे रिकामं वर्तुळ या कामी यावं, याने मला फार बळ आलं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत शीर्षकाच्या अक्षरालाच नाटकाचा स्वभाव दिला. तो वारसा मी रोज दुकानात वापरते. इथे मात्र अक्षराला काही करायला लावणं मला पटत नव्हतं. चिरा, धूळ, रक्ताचा लाल रंग, सगळं करून पाहता येतं आणि सगळं खोटं दिसतं. वर्तुळात माझी कारागिरी शून्य आहे, म्हणून ते खरं वाटतं.

चार वाजता चौककडच्या शाळेतले सर प्रश्नपत्रिका घेऊन आले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ताई, फॉन्ट उडालाय का?"

"नाही सर. इर्शाळवाडीचं पान आहे."

ते खुर्ची ओढून बसले. ओठ हलत होते, मोजत होते. खाली मी बारीक टाइपात '57 बेपत्ता' लिहिलं होतं, तिथे बोट ठेवलं. "हे काढा. आकडा आयता मिळाला की कुणी मोजणार नाही."

"पण कळलं नाही तर?"

"पहिल्या पानावर गावाचं नाव आणि तारीख आहे ना? मग कळेल."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ओळ उडवली. मग प्रश्नपत्रिकेला लागले. इयत्ता सातवी, भूगोल.

साडेसात. शटर अर्धं खाली. आठही पानं कर्व्ह करून ठेवली, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर अक्षर बदलणार नाही. फक्त पाचवं पान कर्व्ह करण्याआधी तीनदा तपासलं, कारण ही वर्तुळं चूक समजून काढून टाकण्याची ऑपरेटरची सवय मला चांगली ठाऊक आहे. उद्या पहिल्या गाडीने पनवेलला छापखान्यात जायचं. एकरंगी, काळी शाई, साधा कागद. जॉबच्या पाकिटावर जाड मार्करने लिहून ठेवलंय: पान 5 मधली वर्तुळं काढू नयेत.